गोळी नेमकी कुठे अडकते? स्ट्रक्चरल बायोलॉजी, टीबी आणि अकरावीत सोडलेलं गणित

टीबीचा संशय आला की जिल्हा रुग्णालयात किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात बेडक्याचा नमुना घेतात आणि सीबीनॅट मशीनमध्ये लावतात. दोनेक तासांत निकाल येतो. त्यात दोन गोष्टी असतात: टीबीचे जंतू सापडले की नाही, आणि सापडले तर ते रिफाम्पिसिन या औषधाला दाद देतात की नाही. घरच्यांचं लक्ष पहिल्या ओळीवर असतं, डॉक्टरांचं दुसऱ्या. कारण रिफाम्पिसिन चालणार नसेल, तर सहा महिन्यांचा नेहमीचा कोर्स बाजूला ठेवून वेगळीच औषधं सुरू करावी लागतात.

हे मशीन जंतू वाढवून त्यांच्यावर औषध टाकून बघत नाही. तेवढा वेळ नसतो. टीबीचा जंतू इतका संथ आहे की एकाचे दोन व्हायलाच त्याला जवळपास अख्खा दिवस लागतो. मशीन तपासतं ते त्याच्या एका जनुकातला ८१ अक्षरांचा तुकडा. टीबीच्या जंतूच्या जनुकसंचात अशी साधारण ४४ लाख अक्षरं आहेत. त्यातली नेमकी ही ८१च का?

या तुकड्यात बदल झाला की औषध चालेनासं होतं, हे १९९३ साली कळलं होतं. रुग्णांकडून मिळालेल्या जंतूंची जनुकं वाचून ते कळलं. पण तिथेच बदल झाल्याने काय बिघडतं, याचं उत्तर जनुक वाचून मिळत नाही. त्यासाठी औषध आणि जंतूचं प्रोटीन एकमेकांना कसं धरतात, हे अणू-अणूच्या पातळीवर बघावं लागतं. ते बघणाऱ्या माणसाला स्ट्रक्चरल बायोलॉजिस्ट म्हणतात. या लेखात त्याच्या कामाची, आणि मराठवाड्यातल्या मुलामुलींनी या कामाकडे जायचं कसं याची माहिती देतो आहे.

खडा आणि नळी

रिफाम्पिसिनने लघवी लालसर-केशरी होते. टीबीची गोळी खाणाऱ्या बहुतेकांनी हे पाहिलंय, आणि कुणी आधी सांगितलं नसेल तर पहिल्या दिवशी घाबरूनही घेतलंय. या औषधाचं मूळ १९५७ सालच्या मिलानमध्ये आहे. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या मातीतल्या एका जंतूपासून रिफामायसिन मिळालं, पुढे १९६०च्या दशकात त्यात रासायनिक फेरफार करून रिफाम्पिसिन तयार झालं. ते जंतूच्या आरएनए पॉलिमरेज नावाच्या प्रोटीनला धरतं, एवढं लवकरच समजलं. कुठे धरतं, हे मात्र तीसेक वर्षं कुणी पाहिलेलं नव्हतं.

ते दिसलं २००१ साली, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात, सेथ डार्स्ट यांच्या प्रयोगशाळेत. गंमत म्हणजे त्यांनी वापरलेलं प्रोटीन टीबीच्या जंतूचं नव्हतंच. गरम पाण्याच्या झऱ्यात राहणाऱ्या एका जंतूचं होतं, कारण त्याचा चांगला स्फटिक झाला. जिवाणूंमध्ये हे प्रोटीन बऱ्यापैकी सारखं असतं, म्हणून चाललं. खुद्द टीबीच्या जंतूचं पॉलिमरेज रिफाम्पिसिनसकट दिसायला २०१७ साल उजाडलं.

आरएनए पॉलिमरेज जंतूचा डीएनए वाचतं आणि त्याची नक्कल म्हणून आरएनएचा धागा बनवतं. तो धागा जसजसा वाढतो तसतसा प्रोटीनमधल्या एका अरुंद वाटेने बाहेर सरकतो. रिफाम्पिसिन त्या वाटेच्या भिंतीतल्या एका खोबणीत जाऊन बसतं. धाग्याला दोन-तीन दुवे जोडले गेले की त्याचं टोक औषधावर आपटतं आणि पुढे सरकायला जागाच उरत नाही. ठिबकच्या नळीत खडा अडकावा तसं. मोटार चालू असते, पाणीही असतं, पुढचं झाड मात्र कोरडं. आरएनए नाही म्हणजे नवं प्रोटीन नाही, आणि नवं प्रोटीन नाही म्हणजे जंतू संपला.

आता त्या ८१ अक्षरांकडे. अमिनो आम्ल म्हणजे प्रोटीनच्या साखळीतला एक दुवा. जनुकातल्या तीन अक्षरांना एक अमिनो आम्ल, म्हणजे इथे २७ अमिनो आम्लं. रिफाम्पिसिन ज्या खोबणीत बसतं ती खोबण बहुतांशी याच २७ जणांची बनलेली आहे. सगळ्यात जास्त आढळणारा बदल प्रोटीनच्या साखळीतल्या ४५० क्रमांकाच्या जागी होतो. तिथे एरवी सेरीन नावाचं अमिनो आम्ल असतं. ते लहान असतं, आणि त्याच्या टोकाचा ऑक्सिजन-हायड्रोजनचा जोड औषधाला पकडून ठेवतो. जनुकात एकच अक्षर बदलतं आणि सेरीनच्या जागी ल्युसीन येतं. ल्युसीनकडे तसा जोड नाही, शिवाय ते जास्त जागा खातं. औषधाला ना पकड मिळते, ना नीट बसता येतं. पॉलिमरेजचं स्वतःचं काम मात्र व्यवस्थित चालू राहतं. जुन्या शोधनिबंधांत हीच जागा ५३१ या क्रमांकाने दिसेल. तो ई. कोलाय या जंतूच्या प्रोटीनवरून मोजलेला आकडा आहे. एकाच जागेला दोन क्रमांक चालू राहिल्याने नवखे विद्यार्थी अजूनही चक्रावतात.

असा बदल झालेला एखादा जंतू रुग्णाच्या फुप्फुसातल्या कोट्यवधी जंतूंत आधीपासूनच असू शकतो. औषध त्याला तयार करत नाही, फक्त बाकीच्यांना मारून त्याच्यासाठी रान मोकळं करतं. म्हणूनच सुरुवातीला चार औषधं एकत्र देतात, एकातून सुटलेला दुसऱ्यात सापडावा म्हणून. कोर्स अर्धवट तुटला की हे गणित बिघडतं. बीड, जालना, परभणीकडची कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जातात. सहा महिन्यांचा कोर्स आणि जवळपास तेवढाच हंगाम. गोळ्या गावातल्या आरोग्य केंद्रात आणि माणूस फडात, अशी वेळ आली की नेमक्या त्या ४५० नंबरवाल्या जंतूचं फावतं. हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नाही, तो वेगळ्या लोकांनी सोडवायचा आहे. पण जंतू हाताबाहेर गेल्यावर पुढचं औषध कुठे बसवायचं, हे शोधण्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

बेडाक्विलिन हे असंच पुढचं औषध. अमेरिकेत २०१२च्या डिसेंबरमध्ये त्याला परवानगी मिळाली, आता आपल्याकडच्या सरकारी टीबी कार्यक्रमातही आहे. ते पॉलिमरेजच्या वाटेला जात नाही. जंतूची ऊर्जा तयार करणाऱ्या एटीपी सिंथेज या फिरत्या प्रोटीनला धरून ते थांबवतं. ते कुठे आणि कसं धरतं हेही आता चित्रासकट माहीत आहे, आणि त्या चित्राच्या आधारे त्याच घरातली सुधारित औषधं शोधली जात आहेत.

रोजचं काम

मुलगी टीबीवर पीएचडी करणार म्हटलं की घरी पहिला प्रश्न येतो: तुलाच लागण झाली तर? प्रश्न रास्त आहे, पण स्ट्रक्चरल बायोलॉजीच्या बहुतेक प्रयोगशाळांत टीबीचा जिवंत जंतू नसतोच. जिवंत जंतूसाठी कडक बंदोबस्ताच्या वेगळ्या प्रयोगशाळा असतात. इथे टीबीच्या हजारो जनुकांपैकी एकच जनुक घेतात आणि ई. कोलायच्या निरुपद्रवी जातीत घालतात. तो ई. कोलाय रात्रभर वाढतो आणि टीबीचं ते एक प्रोटीन तयार करून देतो. एका प्रोटीनने टीबी होत नाही.

मग ते प्रोटीन बाकी हजारो प्रोटीनांमधून वेगळं काढायचं. जनुकातच शेवटी एक छोटी शेपटी जोडलेली असते, ती निकेलला चिकटते. निकेल असलेल्या कॉलममधून सगळं मिश्रण सोडलं की हवं ते आत अडकतं, नको ते वाहून जातं. प्रोटीनं वेगवेगळी करून दाखवणाऱ्या जेलवर एकच ठळक पट्टी दिसली की त्या दिवशी चहा गोड लागतो. बऱ्याचदा दिसत नाही. प्रोटीन बनतं पण गुठळ्या होऊन तळाला बसतं, नाहीतर शुद्ध केल्यावर रात्रीतून तुटतं. पीएचडीची पहिली दोन वर्षं यात जाणं अगदी नेहमीचं आहे, आणि प्रवेशाच्या वेळी हे कुणी मोकळेपणाने सांगत नाही.

त्यापुढचा टप्पा स्फटिकांचा. प्लास्टिकच्या एका ताटलीत ९६ खाने असतात. प्रत्येकात क्षार, आम्लता आणि इतर रसायनांचं वेगळं मिश्रण, आणि त्यात प्रोटीनचा डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा थेंब. तापमान स्थिर ठेवायचं आणि वाट बघायची. कधी दोन दिवसांत स्फटिक दिसतात, कधी महिन्यांनी, कधी कधीच नाही. कोणत्या मिश्रणात होईल हे आधी खात्रीने सांगता येत नाही, म्हणून अशा शेकडो थेंबांवर नजर ठेवावी लागते. आणखी एक खोडी अशी की मिठाचेही स्फटिक होतात, आणि दिसायला ते प्रोटीनपेक्षा देखणे असतात. सुईने दाबून बघतात: मिठाचा कडक असतो, टचकन फुटतो, प्रोटीनचा मऊ, चिरडला जातो. मेहनतीने मिळालेला स्फटिक असा चिरडायला हात धजत नाही हा भाग वेगळा.

हे सगळं कशासाठी? अणू बघण्यासाठी. दोन कार्बन अणूंमधलं अंतर साधारण दीड अँगस्ट्रॉम असतं. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलीमीटरचा एक कोटीवा भाग. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४,००० ते ७,००० अँगस्ट्रॉम. एवढ्या लांब लाटेला दीड अँगस्ट्रॉमची फट जाणवतच नाही. क्ष-किरणांची तरंगलांबी मात्र एका अँगस्ट्रॉमच्या आसपास ठेवता येते. एकट्या रेणूवरून परतणारे किरण फारच क्षीण असतात. स्फटिकात अब्जावधी रेणू एकाच दिशेला तोंड करून ओळीत लागलेले असतात, म्हणून सगळ्यांचे मिळून मोजता येण्याइतके होतात. चांगले, तीव्र क्ष-किरण सिंक्रोट्रॉन या इलेक्ट्रॉन वेगाने फिरवणाऱ्या मोठ्या यंत्रातून मिळतात. भारतात ती सोय इंदूरला आहे, इंडस-२ या यंत्रावर, आणि तिथे प्रोटीनच्या स्फटिकांसाठी वेगळी जागा आहे. अनेक भारतीय गट आपले स्फटिक द्रव नायट्रोजनच्या थंडीत फ्रान्समधल्या ग्रनोबल किंवा इटलीतल्या त्रिएस्ते इथल्या सिंक्रोट्रॉनवरही नेत आले आहेत.

इथे गणित येतं

सूक्ष्मदर्शकात भिंग असतं. वस्तूवरून विखुरलेला प्रकाश गोळा करून ते चित्र उभं करतं. प्रोटीनच्या स्फटिकातून विखुरलेले क्ष-किरण असे गोळा करून अणूंचं चित्र देईल असं भिंग नाही. हाती येतात फक्त ठिपके, हजारोंनी, कमी-जास्त ठळक. भिंगाचं काम गणिताला करावं लागतं, आणि त्या गणिताचं नाव फोरियर रूपांतर. त्याला प्रत्येक ठिपक्याबद्दल दोन गोष्टी हव्या असतात: लाट किती मोठी होती, आणि ती पोचली तेव्हा चढावर होती की उतारावर. ठिपक्याचा ठळकपणा पहिली गोष्ट सांगतो. दुसरी मोजताना हरवते, आणि चित्रासाठी तीच जास्त महत्त्वाची असते. याला फेजचा प्रश्न म्हणतात.

मॅक्स पेरुट्झ यांनी १९३७ साली हिमोग्लोबिनवर काम सुरू केलं आणि १९५३ साली त्यांना या प्रश्नातून वाट सापडली: स्फटिकात पाऱ्यासारखे जड अणू घालायचे आणि ठिपके कसे बदलतात त्यावरून फेज काढायची. हिमोग्लोबिनची रचना आली १९५९ला. डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनचं पहिलं क्ष-किरण चित्र १९३०च्या दशकात घेतलं होतं. रचना मिळाली १९६९ साली. त्यांच्या त्या शेवटच्या गटात एम. विजयन होते. ते पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले, प्रोटीनच्या स्फटिकांचं काम त्यांनी भारतात रुजवलं, आणि नंतर टीबीच्या जंतूच्या प्रोटीनांवर मोठं काम केलं.

त्यांच्याही आधी, १९६३ साली, मद्रासला जी. एन. रामचंद्रन यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांबरोबर एक आलेख मांडला. प्रोटीनच्या साखळीतले सांधे कोणत्या कोनात वळू शकतात आणि कोणत्या कोनात अणू एकमेकांवर आदळतील, हे त्यात दिसतं. आज जगात कुणीही प्रोटीनची रचना जाहीर केली की ती या रामचंद्रन आलेखावर घासून बघतात. हे काम क्ष-किरण यंत्रावर झालेलं नाही, भूमितीने झालेलं आहे. त्या दोन सहकाऱ्यांपैकी एकाचं आडनाव रामकृष्णन होतं. नोबेलवाले वेंकी रामकृष्णन ते वेगळे. वेंकींनी पदवी घेतली बडोद्याला, भौतिकशास्त्रात. पीएचडीही भौतिकशास्त्रातच. मग त्यांनी अमेरिकेत पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकायला सुरुवात केली. २००९चं नोबेल त्यांना इतर दोघांबरोबर रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन बनवणाऱ्या यंत्राच्या, रचनेसाठी मिळालं, आणि त्या रचनांमुळे बरीच प्रतिजैविकं जंतूच्या रायबोसोमला कुठे धरतात हे समजलं.

आता स्फटिक न करताही काम होतं. प्रोटीनचं द्रावण झटक्यात गोठवायचं, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली लाखो रेणूंची धूसर चित्रं घ्यायची, आणि संगणकावर ती जुळवून त्रिमितीय रूप काढायचं. याला क्रायो-ईएम म्हणतात. या तंत्राला २०१७चं नोबेल मिळालं. यंत्र कोट्यवधींचं, त्यामुळे देशात मोजक्याच ठिकाणी. इथेही जुळवाजुळव करतं ते फोरियरचं गणितच.

कोरोनात या तंत्राचं नाव झालं. विषाणूचा जनुकसंच १० जानेवारी २०२०ला जाहीर झाला, आणि फेब्रुवारी संपायच्या आत त्याच्या काट्याची, म्हणजे स्पाइक प्रोटीनची, रचना छापून आली. महिना-दीड महिना ऐकून जादू वाटते. पण जेसन मॅकलेलन आणि त्यांचे सहकारी मर्स या आधीच्या कोरोना विषाणूचा काटा वर्षानुवर्षं अभ्यासत होते. हा काटा पेशीला भिडल्यावर आपला आकार बदलतो, आणि लसीला हवा असतो तो बदलाआधीचा आकार. दोन जागी प्रोलीन हे ताठर अमिनो आम्ल बसवलं तर काटा त्या आधीच्या आकारात टिकतो, हे त्यांनी २०१७ सालीच दाखवलं होतं. फायझर आणि मॉडर्नाच्या लसींत हीच दोन प्रोलीन आहेत. आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेल्या कोविशिल्डमध्ये हा बदल नव्हता, तरी ती उपयोगी पडली. तेव्हा रचना समजल्याशिवाय लस होतच नाही असं कुणी सांगू लागलं तर ते अर्धसत्य आहे.

मग अल्फाफोल्ड आलं. अमिनो आम्लांची यादी दिली की रचनेचा अंदाज देणारी ही संगणक प्रणाली इतकी चांगली निघाली की तिच्या कर्त्यांना २०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. त्यामुळे कॉलेजात कुणीतरी विचारतंच: आता या क्षेत्रात जाऊन करायचं काय? माझं उत्तर असं की स्फटिकाची वाट बघण्यात पाच वर्षं घालवणारी पीएचडी आता कमी होईल, आणि ते बरंच आहे. पण ४५० नंबरला एक अमिनो आम्ल बदललं तर औषधाची पकड किती सुटेल, नवा रेणू खोबणीत खरंच बसतो की तिरका होतो, हे अजून प्रयोगाने तपासावं लागतं. अल्फाफोल्ड शिकलं तेही प्रयोगांतून मिळालेल्या रचनांवरच. प्रोटीन डेटा बँक १९७१ साली सात रचनांवर सुरू झाली. आज तिथे दोन लाखांहून जास्त आहेत, सगळ्या फुकट.

आपल्याकडून जायची वाट

मराठवाड्यात जीवशास्त्र घेतलं म्हणजे नीट, मेडिकलची प्रवेश परीक्षा. लातूर, नांदेडच्या क्लासेसच्या गल्ल्यांमध्ये दुसरं बोलणं नसतं. स्कोअर हुकला की बीएएमएस, मग बीएचएमएस, मग बीफार्म, आणि काहीच नाही तर बीएस्सी. त्या उतरंडीतून बीएस्सीला आलेला मुलगा आपण हरलो असं धरूनच वर्गात बसतो. याहून मोठं नुकसान अकरावीतच होऊन गेलेलं असतं: नीटला गणित लागत नाही म्हणून गणित सोडलेलं असतं. पीसीएमबी, म्हणजे गणित आणि जीवशास्त्र दोन्ही, घेतो म्हटलं की क्लासवालेच सांगतात, कशाला ओझं. डॉक्टरच व्हायचं असेल तर सल्ला चुकीचा नाही. पण ज्याला जंतू अणूच्या पातळीवर बघायचा आहे त्याच्यासाठी तिथे अर्धी वाट बंद होते. आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षेत गणिताचेही प्रश्न असतात, सोडलेलं असलं तरी. ज्या मुलाला नीटची खात्री नाही आणि जीवशास्त्र आवडतं, त्याने दोन्ही विषय ठेवावेत, असं माझं ठाम मत आहे.

ज्यांनी सोडलंय त्यांचं काय? आपल्या कॉलेजात सीबीझेड (रसायन, वनस्पती आणि प्राणिशास्त्र), बायोटेक किंवा मायक्रो घेतलेल्यांनी बीएस्सीच्या काळातच फोरियर, मॅट्रिक्स आणि थोडी संख्याशास्त्राची ओळख करून घ्यावी, आणि पायथन शिकावं. अवघड आहे, अशक्य नाही. भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्राच्या मुलांना उलटं करावं लागतं, जीवशास्त्र भरून काढावं लागतं, आणि ते तुलनेने सोपं जातं. म्हणून बीएस्सी फिजिक्सच्या मुलांनी ‘हे बायोवाल्यांचं’ म्हणून पाठ फिरवू नये.

पुढची शिडी अशी: एमएस्सी, मग सीएसआयआर-यूजीसी नेट किंवा डीबीटीच्या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, नाहीतर गेट ही परीक्षा, मग पीएचडीचा इंटरव्ह्यू. जवळच्या संशोधन संस्था म्हणजे पुण्यातली राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आणि आयसर, मुंबईतली टीआयएफआर, हैदराबादची सीसीएमबी. नांदेडहून थेट रेल्वे असलेलं बंगळुरूही फार परकं नाही. जेआरएफला २०२३पासून महिना ३७,००० रुपये आणि नियमाप्रमाणे घरभाडं मिळतं, दोन वर्षांनी ४२,०००. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्थांच्याही पीएचडी फेलोशिप आहेत.

वेळेचा हिशेब घरी आधीच सांगितलेला बरा. पीएचडीला पाच-सहा वर्षं, त्यानंतर बहुधा परदेशात दोन-चार वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम, आणि संस्थेत कायम नोकरी लागली तर पस्तिशीच्या आसपास. तोवर गावातल्या बरोबरीच्या मुलांची घरं बांधून झालेली असतात. सगळ्यांना संस्थेत जागा मिळतही नाहीत. हैदराबाद आणि बंगळुरूच्या औषध-संशोधन कंपन्यांत प्रोटीन शुद्ध करणाऱ्या, स्फटिक काढणाऱ्या आणि संगणकावर औषधाचा रेणू खोबणीत बसवून बघणाऱ्या माणसांना काम असतं. तिथे एमएस्सीवरही शिरता येतं, मात्र प्रत्यक्ष हाताने काम केलेलं असावं लागतं.

ती हाताची सवय आपल्या बऱ्याच कॉलेजांत लागत नाही. उपकरणं कमी, आणि उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर वीज गेली की रामभरोसे. यावर दोन मार्ग आहेत. एक बिनखर्चाचा: प्रोटीन डेटा बँकेच्या संकेतस्थळावर रिफाम्पिसिन शोधायचं, मिळालेली रचना कायमेराएक्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडायची, औषधाच्या चार अँगस्ट्रॉम परिसरातली अमिनो आम्लं निवडायची आणि त्यांत सेरीन कोणतं ते ओळखायचं. साधा लॅपटॉप पुरतो. दुसरा मार्ग उन्हाळी फेलोशिपचा. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी विद्यार्थ्यांना दोन महिने एखाद्या संशोधन संस्थेत पाठवतात, निर्वाह भत्ता आणि प्रवासखर्चासह. अर्ज ऑनलाइन असतो आणि आदल्या हिवाळ्यातच भरावा लागतो. सोबत शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं, आणि काय शिकायचं आहे हे आपल्या शब्दांत लिहावं लागतं. ते लिहिताना ‘मला संशोधनाची आवड आहे’ याऐवजी कोणतं प्रोटीन उघडून पाहिलं आणि त्यात काय समजलं नाही, ते लिहा.